कम्युनिटी कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तक वाचायला कसं शिकवायचं?

मृदुला_बेएरिया
नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) लर्निंग सेंटरमध्ये या सत्रात स्वयंसेवक म्हणून शिकवते आहे. पाच जणांचा गट, आठवड्याला एक तास. सगळे मानसशास्त्राच्या पहिल्या कोर्सचे, पुस्तक ओपनस्टॅक्सचं, म्हणजे ऑनलाइन मोफत मिळणारं. वयं १८ ते ४०, दोघं दिवसभराची नोकरी करून येतात. एबी ७०५ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानंतर वाचनाचे पूर्वतयारीचे वर्ग खूपच कमी झाले, त्यामुळे मुलं थेट क्रेडिटच्या, म्हणजे पदवीसाठी धरल्या जाणाऱ्या, कोर्सला बसतात.
मोठ्याने वाचायला सांगितलं की बरं वाचतात. पुस्तक मिटून 'काय होतं त्यात?' विचारलं की गप्प. पुस्तकात बघावं तर अख्खं पान हायलायटरने पिवळं. सुरुवात कुठून करू?

वाचनवेल्हाळ
मृदुला, आधी पाचही जणांची अडचण एकच आहे असं धरून चालू नका. वरून सगळं सारखंच दिसतं, 'समजत नाही' एवढंच. पहिला तास फक्त तपासणीला द्या.
त्यांच्याच पुस्तकातले, पुढच्या प्रकरणातले साधारण २०० शब्दांचे दोन उतारे घ्या, अवघडपणा सारखा असलेले. पहिला उतारा विद्यार्थ्याने मनात वाचायचा, मिटायचा आणि आपल्या शब्दांत सांगायचा. दुसरा तुम्ही वाचून दाखवायचा आणि त्याने तसाच सांगायचा. ऐकून नीट सांगता आलं पण वाचून नाही, तर अडचण शब्द ओळखण्यात किंवा वेगात आहे. ऐकूनही सांगता आलं नाही, तर शब्दसंग्रह किंवा विषयाची पार्श्वभूमी कमी पडते आहे. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलेलं साधं सूत्र यामागे आहे: वाचून समजणं म्हणजे शब्द ओळखता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्याजवळ गेली की दुसरी कितीही भक्कम असो, उपयोग नाही.
'बरं वाचतात' यावरही विसंबू नका. मोठी माणसं छोटे शब्द सफाईने वाचतात आणि उच्चाराचे चार-पाच तुकडे असलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर बघून अंदाजाने पुढे सरकतात. 'क्लासिफिकेशन'च्या जागी 'क्लासिकल' वाचलं तरी वाक्य कानाला ठीक लागतं. म्हणून मोठ्याने वाचताना तुमच्या प्रतीवर चुकलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने खूण करा. असे शब्द निघाले तर रोज पाच मिनिटं शब्दाची फोड करायची: शेवटचा प्रत्यय बोटाने झाकायचा, सुरुवातीचा उपसर्ग वेगळा काढायचा, मधलं मूळ वाचायचं, मग सगळं जोडायचं. रीइनफोर्समेंटमधला 'री' आणि 'मेंट' बाजूला केला की भीती निम्मी होते.

आडवाट
वरच्याशी सहमत. ऐकूनही न समजणारे जास्त निघाले तर तासाची आखणी अशी करा.
पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद. विषयाचं त्यांना आधीच काय माहीत आहे ते बोलून घ्यायचं. मग मथळे आणि आकृत्या बघून प्रत्येकाने एक प्रश्न लिहायचा. त्यानंतर एकेक परिच्छेद: वाचा, थांबा, शेजाऱ्याला सांगा. पालिंकसार आणि ब्राऊन या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली रेसिप्रोकल टीचिंगची (आळीपाळीने एकमेकांना शिकवण्याची) पद्धत अशीच आहे. पुढे काय येईल याचा अंदाज, प्रश्न, अडलेलं सोडवणं आणि सारांश ही चार कामं गटात फिरती ठेवायची. चूक इथे होते की शिक्षकच शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहतो. दोन-तीन आठवड्यांत प्रश्न त्यांच्याकडे सोपवा.
तुम्ही स्वतः एकदा मोठ्याने विचार करून दाखवाच. उदाहरणार्थ, शिकण्याच्या प्रकरणात निगेटिव्ह रीइनफोर्समेंट येतं. बहुतेकजण 'निगेटिव्ह' बघतात, शिक्षा समजतात आणि पुढे जातात. तिथे थांबून म्हणा: "इथे 'अनलाइक' आलंय, म्हणजे शिक्षेपेक्षा वेगळं काहीतरी सांगणार. पुढे 'इन्क्रीजेस' आहे, म्हणजे वागणं वाढतं. शिक्षेने तर कमी होतं. मग 'निगेटिव्ह' कशाला म्हटलंय? पट्टा लावला की गाडीतला बीप थांबतो. काहीतरी काढून घेतलं म्हणून." समजलेला माणूस वाक्याच्या आत नेमका कुठे अडतो आणि कसा सुटतो, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. 'अनलाइक', 'व्हेअरॅज', 'हाउएव्हर' या शब्दांभोवती गोल करायची सवय लावा. परीक्षेतले बरेच प्रश्न याच वळणांवर असतात.
हायलायटर काढून घ्या. मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या पद्धतींच्या २०१३ च्या आढाव्यात अधोरेखन आणि पुन्हा वाचणं या दोन्हींना कमी उपयोगाचं ठरवलं, तर स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं वरच्या श्रेणीत ठेवलं. शेवटची दहा मिनिटं पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. नंतर पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. दुसरा रंग जिथे दाट, तेवढंच पुन्हा वाचायचं.

मृदुला_बेएरिया
खूप आभार. दोन शंका. एकजण प्रत्येक शब्द फोनवर भाषांतर करून बघतो, एका पानाला पाऊण तास लागतो. आणि दोघं घरून काहीच न वाचता येतात. अशांना मी प्रकरणाचा गोषवारा सांगू का?

कावेरी_एनजे
भाषांतरवाल्यासाठी: १०० शब्दांचा तुकडा मोजा आणि अनोळखी शब्द किती ते बघा. मदतीशिवाय आरामात समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे शंभरात दोनच अडायला हवेत. दहा अडत असतील तर तो आळशी नाही की मंद नाही, मजकूरच त्याच्या आवाक्याबाहेर आहे. अशा वेळी तोच विषय सोप्या भाषेत, मातृभाषेतही चालेल, आधी वाचू द्या किंवा व्हिडिओ बघू द्या. मग पुस्तक. पहिल्या वाचनात फोन बंद, अडलेल्या शब्दाखाली फक्त टिंब. दुसऱ्या वाचनात दोनदा किंवा जास्त वेळा आलेलेच शब्द शोधायचे.
एका प्रकरणाला आठ-दहाच शब्द घ्या. ठळक छापलेल्या संज्ञांची व्याख्या पुस्तकातच असते. खरी अडचण 'डिराइव्ह', 'कन्सिस्टंट', 'असम्प्शन' अशा शब्दांची. ते सगळ्या विषयांत येतात आणि कोणी समजावून सांगत नाही. भाषातज्ज्ञ कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडमिक वर्ड लिस्ट त्यासाठीच आहे, ५७० शब्दकुटुंबांची (एकाच मुळापासून झालेले शब्द म्हणजे एक कुटुंब).

आडवाट
गोषवारा सांगू नका, कृपया. एकदा सांगितलात की पुस्तक न उघडताही भागतं हे त्यांना कळतं, आणि स्लाइड वाचून दाखवणाऱ्या वर्गात ते आधीच कळलेलं असतं. न वाचता आलेल्यांना पहिली दहा मिनिटं कोपऱ्यात बसून दोन पानं वाचू द्या, मगच गटात घ्या. रागावणं नको.
बऱ्याचदा कारण वेळेचा चुकीचा अंदाज असतं. एक पान घड्याळ लावून वाचायला सांगा आणि पानांनी गुणा. ३० पानांचं प्रकरण, पानाला ५०० शब्द, वेग मिनिटाला १५०, म्हणजे १०० मिनिटं. नोकरी करणाऱ्याने त्याला अर्धा तास धरलेला असतो. २५-२५ मिनिटांच्या चार बैठका, असं कॅलेंडरवर लिहूनच घ्या.

वाचनवेल्हाळ
एक राहिलं. ऐकून उत्तम समजतं पण वाचताना शब्दच सुटत नाहीत असा कोणी निघाला, तर 'तुला डिस्लेक्सिया आहे' असं म्हणू नका, तो निष्कर्ष आपण काढायचा नाही. कॉलेजच्या डीएसपीएस कार्यालयाचा (अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या) पत्ता द्या. हायस्कूलचा आयईपी (अशा विद्यार्थ्यासाठी शाळेने आखलेला खास शिक्षण-आराखडा) कॉलेजात आपोआप लागू होत नाही, विद्यार्थ्याने स्वतः जाऊन मागावं लागतं, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तोवर ओपनस्टॅक्सचं पुस्तक ब्राउझरमध्ये उघडून फोनच्या वाचून दाखवण्याच्या सोयीने ऐकत ऐकत डोळ्यांनी वाचू द्या. प्राध्यापकांनी दिलेली स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर फोन बऱ्याचदा गप्प बसेल, कारण ते पानांचे फोटो असतात. तसं झालं तर ती आधी ओसीआर करून (फोटोतली अक्षरं ओळखून मजकुरात बदलून) घ्यावी लागेल.