मिनी ट्रॅक्टरला घरगुती ट्रॉली हुक: टॉप लिंकच्या कानात बसवला तर?

कातळसडा:
२२ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, मागे फक्त रोटाव्हेटर चालतो. ट्रॉलीचा हुक नाही. दोनचाकी ट्रॉली बागेतल्या बागेत हलवायची आहे: हंगामात हापूसचे क्रेट, एरवी शेणखत, पेंढा, कधी गडग्यासाठी (दगडी कुंपणासाठी) जांभ्याचे चिरे. डांबरी रस्त्यावर न्यायची नाही. वेल्डर म्हणतो, टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा दांडा) ट्रॅक्टरला जिथे अडकते त्या दोन कानांमध्ये हुक बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम. सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) बागेत उतरणारी वाट मात्र उभी आहे. करून घेऊ का?

गडगेवाला:
नको. टॉप लिंकचे कान मागच्या अ‍ॅक्सलच्या वर असतात. तिथून ओढलं की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. चढावर ट्रॉली अडली आणि क्लच झटक्यात सुटला तर चाकं फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच अ‍ॅक्सलभोवती मागे उलटतो. तेवढ्यात ब्रेक मारणं कुणाला जमत नाही. ओढ नेहमी अ‍ॅक्सलच्या खालून.

अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन आर्ममध्ये (दांड्यांमध्ये) आडवी पट्टी बसवा. अवजार जोडणीचं प्रमाण माप कॅटेगरी १ असेल तर आर्मच्या टोकाच्या फिरत्या गोळ्यांना २२ मिमीचं भोक असतं. ६५ बाय २५ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी घेऊन दोन्ही टोकं लेथवर २२ मिमी गोल उतरवून घ्या. नुसता खुंटा टोकाला वेल्ड करून चिकटवू नका, तो बरोबर वेल्डपाशी तुटतो. कॅटेगरी १ मध्ये दोन आर्ममधलं प्रमाण अंतर ६८३ मिमी, पण छोट्या ट्रॅक्टरचे आर्म बऱ्याचदा जवळ असतात. आर्म खाली सोडा, समांतर करा, गोळ्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर टेपने मोजा आणि तेच माप लेथवाल्याला द्या.

लोखंडीकाम:
वरचं बरोबर, पण अर्धंच. आडवी पट्टी गोळ्यांत स्वतःभोवती फिरते, ट्रॉलीची दांडी टेकली की कलंडते. शिवाय लिफ्ट फक्त वर उचलते, खाली दाबून धरत नाही. माल चाकांच्या मागे जास्त भरला की दांडी वर उडते आणि तिच्याबरोबर आर्मही.

म्हणून दोन स्टे (तिरके आधार) हवेत. ५० बाय १० मिमीची पट्टी, टॉप लिंकच्या पिनेपासून तिरकी खाली येऊन आडव्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना. खालचं टोक गोल खुंट्यावर अडकवलं तर फिरणं थांबत नाही. पट्टीलाच भोक पाडून १६ मिमीच्या ८.८ ग्रेड (जास्त ताकदीच्या) बोल्टने घट्ट आवळा. उंची ठरवताना रिकामी ट्रॉली समपातळीत उभी करून दांडीच्या टोकाच्या रिंगची उंची मोजा. स्टे लागल्यावर लिफ्टचा लिव्हर पूर्ण खाली ठेवा आणि तारेने बांधून टाका. चुकून वर ओढला तर स्टे वाकतात. चेक चेन (आर्मला बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) दोन्हीकडून ताणून ठेवा, नाहीतर पट्टी डावी-उजवी मारत राहते.

ट्रॅक्टरच्या आर्मला वेल्डिंग करू नका, त्यांची ताकद जाते.

कातळसडा:
रिंग अडकवायच्या पिनेला सळईचा तुकडा चालेल? आणि चिरे किती भरता येतील?

लोखंडीकाम:
सळई नको, वाकते. २५ मिमीचा ईएन८ (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) गोल बार घ्या, वर डोकं, खाली लिंच पिन (निसटू न देणारी कडीची खिळी). बोल्ट घातलात तर रिंग आट्यांवर घासून आटे खाते आणि भेग तिथूनच सुरू होते. पट्टीखाली दुसरी जाड पट्टी यू आकारात जोडून रिंग दोघींमध्ये घ्या, म्हणजे पिन दोन्हीकडून धरली जाते. पीटीओच्या (रोटाव्हेटर फिरवणाऱ्या) शाफ्टला काही लागत नाही ना, ते वळणावर पाहा. दांडी आखूड असेल तर पूर्ण वळताना ट्रॉलीचा कोपरा टायरला घासतो.

खारी हवा आहे, वेल्ड झाल्यावर रेड ऑक्साइडचा (गंजरोधक) हात आणि वर रंग. गोळ्यांना आणि पिनेला ग्रीस.

गडगेवाला:
चिऱ्यांचा हिशोब सोपा. ब्रेक नसलेली ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरपेक्षा जड नसावी. समजा ट्रॅक्टर ९०० किलो, रिकामी ट्रॉली ३५०; उरले ५५०. चिरा साधारण ३० किलोचा धरला तर १८ नग, तेही सपाटीला. लोकांना हा आकडा थट्टा वाटतो, कारण ट्रॅक्टर ५० चिरे आरामात ओढतो. प्रश्न ओढण्याचा नाही, थांबवण्याचा आहे. तुमच्या उभ्या वाटेवर दहा-बारा बस झाले.

उतरण्याआधी, वरच सपाटीला, पहिला लो गिअर टाका. ब्रेकची डावी-उजवी दोन्ही पेडलं खिळीने जोडा. मध्येच क्लच दाबायचा नाही. दाबला की इंजिनचा अडसर जातो आणि ट्रॉली मागून ढकलत आडवी होते. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असताना चिरे आणूच नका. माल चाकांच्या थोडा पुढे भरा, दांडीवर एकूण वजनाचा दहावा हिस्सा यावा एवढा. जास्त पुढे भरलात तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

आणि ट्रॉली सोडताना आधी तिच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मग पिन काढा.