डोंगरातल्या स्नोमोबाइलला ट्रॅक १४६, १५४ की १६५ इंची?

सिडकोकर: धाकटा भाऊ नाशिकहून ब्रिटिश कोलंबियात कामाला गेलाय. जुनी ८५० सीसी गाडी बघतोय. वजन ९० किलो, तिकडे बर्फ खोल नि भुसभुशीत. कुठला ट्रॅक (गाडीखाली फिरणारा रबरी पट्टा) घ्यावा?

अंबड_फिटर: १५४. ट्रॅक जितका लांब तितका भार पसरतो, गाडी कमी रुतते, चढावर तोंड कमी उचलते. १६५ उभ्या, मोकळ्या चढाला भारी, पण झाडीत वळवताना दमवतो.

सातपूरकर: भाऊ, ट्रॅकवरच्या दात्यांची उंचीही बघा. खोल बर्फाला २.५ ते ३ इंच. असे उंच दाते बर्फाच्या कडक रस्त्यावर दामटले की तापून फाटतात. शिवाय तिथे बर्फ उडत नाही, त्यामुळे ट्रॅक ज्यावर सरकतो त्या रेलखालच्या प्लास्टिक पट्ट्या कोरड्या घासून वितळतात नि कूलंटही तापतं. स्क्रॅचर, म्हणजे कडक बर्फ खरवडून उडवणारे आकडे, लावायलाच हवेत.

अंबड_फिटर: बरोबर. ट्रॅक हाताने पूर्ण फिरवून तपासा: दात्याच्या मुळाशी चीर, तुटलेला आडवा रॉड, गळालेल्या क्लिपा. नंतर लांबी वाढवू म्हणाल तर रेल, कधी टनेल (ट्रॅकवरचं धातूचं आवरण), गिअरिंग सगळंच बदलावं लागतं. परवडत नाही.

सिडकोकर: स्वस्तात मिळतेय ती १४६ची आहे.

सातपूरकर: खेळायला, उड्या मारायला झकास. खोल बर्फात मात्र फावडं चालवायची तयारी ठेवा. तसंही हिमस्खलनासाठी फावडं, बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) नि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) अंगावर लागतातच, गाडीवर बांधून नाही.