चटई कारखान्यातली जुनी एएस/४०० माझ्याकडे येतेय, सुरुवात कुठून करू?

चटईवाला_जळगाव
राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्याचा संगणक विभाग माझ्याकडे आलाय. विंडोज, टॅली, नेटवर्क आणि कामापुरतं एसक्यूएल येतं. पण बिलिंग, साठा आणि वितरकांची खाती चालतात आयबीएमच्या आय५ ५२० मशीनवर, ऑपरेटिंग सिस्टिम व्ही५आर४. ती सांभाळणारे नाना दिवाळीनंतर निवृत्त होतायत.

चार गोष्टी विचारायच्यात. ही मशीन म्हणजे मोठा पीसी सर्व्हर समजायचा की लहान मेनफ्रेम? रोज काय तपासायचं? रात्री टेपवर बॅकअप होतो, तेवढा पुरे का? आणि शेठ म्हणतात, "भंगारात घाला, नवा सर्व्हर घ्या". त्यांना काय सांगू? मे महिन्यात इथं पारा ४४-४५ ला जातो आणि लाइटचा भरवसा नाही, हेही धरून सांगा.

हिरवा_पडदा
दोन्ही नाही. याला मिडरेंज म्हणतात. सिस्टिम/३६ आणि सिस्टिम/३८ या दोन घराण्यांचं मिळून आयबीएमने १९८८ साली एएस/४०० आणली. पुढे आयसिरीज, सिस्टिम आय अशी नावं बदलली आणि २००८ पासून ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव "आयबीएम आय" झालं. जुने लोक अजून एएस/४००च म्हणतात, त्यात वावगं काही नाही.

पीसीवाल्याचा गोंधळ होतो तो साठवणुकीत. इथं सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह नसतात. मेमरी आणि सगळ्या डिस्क मिळून एकच सलग पत्त्यांची जागा असते आणि एखादी फाइल कुठल्या डिस्कवर पडेल ते मशीन ठरवते. एकाच फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कांवर पसरलेले असतात. त्या गटाला एएसपी म्हणतात. रेड किंवा मिररिंग (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी मांडणी) नसताना एक डिस्क गेली, तर त्या डिस्कवरचाच डेटा गेला असं होत नाही, अख्खा एएसपी जातो. रेड-५ असेल तर एक डिस्क गेलेली चालते, दुसरी नाही. बॅकअप आणि डिस्कच्या दिव्यांबद्दल पुढे जो कोणी काही सांगेल, ते या कारणासाठी.

दुसरं, इथली प्रत्येक गोष्ट "ऑब्जेक्ट" आहे आणि तिचा प्रकार पक्का असतो. प्रोग्राम म्हणून बनलेली वस्तू डेटा म्हणून उघडून बदलता येत नाही. डेटाबेस (डीबी२) ऑपरेटिंग सिस्टिममध्येच असतो, वेगळा बसवावा लागत नाही. लायब्ररी म्हणजे फोल्डर समजा, पण लायब्ररीत लायब्ररी बसत नाही. अपवाद एकच, सगळ्या लायब्ररी पोटात घेणारी "क्यूसिस".

कमांडची पाठांतरं करू नका. "वर्क", "डिस्प्ले", "चेंज", "सेव्ह" या क्रियापदांची तीन-तीन अक्षरं आणि पुढे वस्तूचं लघुरूप, एवढाच साचा आहे. कमांड टाइप करून एफ४ दाबलं की सगळे रकाने समोर येतात, एफ१ दाबलं की रकान्याचा अर्थ. सरावासाठी पब४०० हा फुकट सार्वजनिक सर्व्हर आहे. तिथे खातं काढा, चालत्या मशीनवर शिकू नका.

तापीकाठ
रोजचं सांगतो. सकाळी तीन पडदे बघायचे.

पहिला, वर्क सिस्टिम स्टेटस. त्यात सिस्टिम एएसपी किती टक्के भरलाय ते दिसतं. इशाऱ्याची ठरलेली मर्यादा ९० टक्के असते. शंभराला टेकला तर मशीन थांबते आणि परत उभी करणं हे मोठं झेंगट आहे. त्यामुळे ८० च्या पुढे गेला की कारण शोधायला लागा.

दुसरा, क्यूसिसऑपर ही संदेशांची रांग. प्रिंटरचा कागद बदला, टेप घाला, डिस्कमध्ये बिघाड, सगळं तिथे येतं. काही संदेश उत्तर मागतात आणि उत्तर मिळेपर्यंत ते काम अडून राहतं.

तिसरा, वर्क अॅक्टिव्ह जॉब्ज. स्थितीच्या रकान्यात "एमएसजीडब्ल्यू" दिसलं की तो जॉब कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबलाय. इथे नवखे लोक "जी" दाबून मोकळे होतात. आरपीजी या भाषेतल्या प्रोग्राममध्ये दशांश आकड्याची चूक आली असेल, तर "जी" म्हणजे ती नोंद अर्धवट सोडून पुढच्या फेरीला लागणं. बिलाचा डोक्याकडचा भाग लिहिला गेला आणि ओळी राहिल्या, असे प्रकार इथूनच होतात. आधी संदेशावर कर्सर नेऊन एफ१ दाबा, ओळ क्रमांक लिहून घ्या, मग उत्तर द्या.

आता बॅकअप. नानांना एकच प्रश्न विचारा: रात्रीच्या टेपवर नक्की कुठली कमांड चालते? बहुतेक ठिकाणी फक्त "सेव्ह लायब्ररी, ऑल यूजर" चालते. त्यात तुमचा डेटा येतो, पण यूजर प्रोफाइल व अधिकार (सेव्ह सिक्युरिटी डेटा), प्रिंटर आणि लाइनची मांडणी (सेव्ह कॉन्फिगरेशन) आणि आयएफएसमधल्या (पीसीसारख्या फोल्डरांच्या भागातल्या) फाइली येत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम तर नाहीच. डिस्क गेल्या तर अशा टेपवरून कोऱ्या मशीनवर काहीच उभं राहणार नाही.

पूर्ण बॅकअप म्हणजे "गो सेव्ह", पर्याय २१. तो कन्सोलवरूनच द्यायचा, कारण मशीन रिस्ट्रिक्टेड स्टेटमध्ये जाते, म्हणजे सगळे पडदे बंद होतात. रविवार काढून ठेवा. कोरी टेप इनिशियलाइझ करून घ्या, आणि संपल्यावर "झालं" म्हणून उठू नका. जॉब लॉगमध्ये किती ऑब्जेक्ट सेव्ह झाले आणि किती राहिले ते वाचा, मग डिस्प्ले टेपने लेबलं छापून टेपसोबत ठेवा. रात्रीच्या बॅकअपमध्ये कुणी पडदा उघडा ठेवून घरी गेलं असेल, तर ती फाइल लॉक राहून सुटते. "झाला" असा संदेश दिसतो खरा, पण आकडा कमी असतो.

टेप एक कारखान्यात आणि एक कारखान्याबाहेर. सर्व्हरच्याच खोलीतल्या कपाटात ठेवलेली टेप आगीत सर्व्हरबरोबरच जाईल.

भुसावळ_पॉवर
हार्डवेअरचं माझ्याकडून. जुन्या ५२० मध्ये क्रमाने मरतं ते असं: रेड कार्डावरची कॅश बॅटरी (डिस्कवर उतरायच्या आधीचा डेटा धरणाऱ्या मेमरीची), डिस्क, टेप ड्राइव्ह, पंखे. प्रोसेसर क्वचित.

कॅश बॅटरी गेली की डेटा जात नाही, पण लिहिण्याची कॅश बंद होते आणि मशीन एकदम गोगलगाय होते. लोक प्रोग्राममध्ये दोष शोधत बसतात. सिस्टिम सर्व्हिस टूल्समध्ये हार्डवेअर सर्व्हिस मॅनेजर उघडा, त्यात कॅश बॅटरी असलेल्या साधनांची यादी मिळते. संदर्भ कोडच्या शेवटी ८००९ असेल तर बॅटरी संपत आलीय, ८००८ असेल तर संपलीय. बदलताना आधी त्याच पडद्यावरून बॅटरी "एरर" स्थितीत टाकायची, म्हणजे कॅशमधलं सगळं डिस्कवर उतरतं. मग "सुरक्षित बदलता येते" समोर "हो" आलं की हात लावायचा. ही पायरी गाळली तर कॅशमध्ये अडकलेला डेटा हरवतो.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. सर्व्हिस टूल्सचा क्यूसेकऑफर (सगळे अधिकार असलेला यूजर) आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा क्यूसेकऑफर हे दोन वेगळे यूजर आहेत, पासवर्डही वेगळे. नानांकडून दोन्ही घ्या आणि नाना असतानाच दोन्हींनी लॉगिन करून बघा.

लाइटचं: यूपीएस लावलाय एवढ्यावर भागत नाही. यूपीएसची सिग्नल केबल मशीनला जोडलेली हवी आणि यूपीएसची संदेश रांग व थांबण्याचा वेळ सिस्टिम व्हॅल्यूत भरलेला हवा. नाहीतर बॅटरी संपेपर्यंत मशीनला लाइट गेल्याचं कळतच नाही. असं अचानक बंद पडलं की पुढची आयपीएल (मशीन सुरू होण्याची प्रक्रिया) अॅबनॉर्मल होते. डेटाबेसचे अॅक्सेस पाथ (नोंदी पटकन शोधायच्या सूची) पुन्हा बांधले जातात आणि त्यात तासन् तास जाऊ शकतात. पॅनेलवर कोड बदलत राहिला तर थांबा. घाबरून पुन्हा बटण दाबणं ही सगळ्यात महागडी चूक.

खोली १८ ते २७ अंशांत ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात एक एसी पुरत नाही, दुसरा आलटून पालटून चालणारा हवा. आणि चटईच्या कारखान्यात प्लास्टिकची भुकटी उडते, ती पंख्यात आणि टेप ड्राइव्हच्या डोक्यावर बसते. खोलीचं दार कारखान्याच्या बाजूला उघडत असेल तर ते आधी बदला. ड्राइव्हने क्लीनिंग मागितलं की लगेच द्या, क्लीनिंग टेपचे फेरे मोजून ठेवा.

सरळ_बोलतो
मी शेठच्या बाजूने. व्ही५आर४ चा आधार ३० सप्टेंबर २०१३ ला संपला. सुरक्षा दुरुस्त्या नाहीत, टीएलएस (इंटरनेटवरची सुरक्षित जोडणी) १.० च्या पुढे जात नाही. ई-इन्व्हॉइसची (जीएसटी पोर्टलवर बिल नोंदवण्याची) उलाढालीची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आलीय, आणि असली मशीन त्या पोर्टलशी थेट बोलूच शकत नाही. कशाला ओढत बसायचं?

हिरवा_पडदा
आधार संपला हे खरं, पण पर्याय "भंगार किंवा तसंच" एवढेच नाहीत. ई-इन्व्हॉइससाठी मध्ये एक विंडोज पीसी ठेवा. तो ओडीबीसीने (डेटाबेसशी जोडणाऱ्या ड्रायव्हरने) डीबी२ मधून बिलं वाचेल, जेसन बनवून पोर्टलला पाठवेल आणि आयआरएन (पोर्टलने दिलेला बिलाचा क्रमांक) परत टेबलात लिहील. मशीनला मात्र इंटरनेटपासून तोडा आणि वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या अलग भागात) टाका, कारण टेलनेटवर (पडदे उघडणाऱ्या जुन्या जोडणीवर) पासवर्ड उघडे जातात.

एफटीपीने फाइली काढताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. अक्षरं एब्सिडिकमध्ये (आयबीएमच्या वेगळ्या अक्षर-संकेतात) आहेत, म्हणून साध्या फाइली बायनरीत ओढल्या तर कचरा दिसतो. उलट सेव्ह फाइल (डिस्कवरच घेतलेला बॅकअप) मजकूर पद्धतीने ओढली तर ती कायमची बिघडते, ती बायनरीतच न्यायची. पॅक्ड दशांश (दाबून साठवलेल्या आकड्यांचे) रकानेही मजकूर पद्धतीत मोडतात. सीएसव्ही हवी असेल तर ओडीबीसी किंवा डेटा ट्रान्सफर बरं.

अपग्रेड करायचं ठरलं तर ५२० वर ७.१ पर्यंतच जाता येतं, आणि त्याचाही आधार २०१८ मध्येच संपलाय. ७.५ ला पॉवर९ किंवा पुढचं हार्डवेअर लागतं, ७.६ ला पॉवर१०. म्हणजे मशीन बदलणं आलंच. पण त्याआधी एक खुंटी आहे: ६.१ पासून प्रत्येक प्रोग्रामचं नव्या रूपात रूपांतर होतं, आणि त्यासाठी प्रोग्रामच्या आत निर्मितीची माहिती शिल्लक हवी. ती काढून टाकलेली असेल तर सोर्सवरून पुन्हा कंपाइल करावं लागतं. म्हणून आजच बघा, आरपीजी, सीएल (कमांडची भाषा) आणि डीडीएसच्या (फाइली-पडद्यांच्या मांडणीच्या) सोर्स फाइली लायब्ररीत आहेत का. "अॅनलाइझ ऑब्जेक्ट कन्व्हर्जन" ही कमांड पीटीएफने (आयबीएमच्या दुरुस्ती पॅचने) व्ही५आर४ वर मिळते, ती कुठले प्रोग्राम अडतील त्याची यादी देते. शेठला दाखवायचा कागद तोच. अडणारे थोडे असतील तर स्थलांतर सोपं, आणि सोर्सच नसेल तर नवं सॉफ्टवेअर लिहून घेण्याचा हिशेब मांडावा लागेल.

परवान्यांच्या किल्ल्या मशीनच्या सीरियल क्रमांकाला बांधलेल्या असतात, बाहेरच्या सॉफ्टवेअरच्याही. जुनी वापरलेली मशीन स्वस्तात घेताना हे विसरू नका.

चटईवाला_जळगाव
भो, भारी माहिती. नानांसोबत बसलो. एएसपी ८६ टक्के. रात्री फक्त सेव्ह लायब्ररी चालते, पर्याय २१ कधी दिला ते त्यांना आठवत नाही. कॅश बॅटरीवर ८००९ आहे. सोर्स आहेत, एका लायब्ररीत. आता क्रम काय ठेवू?

तापीकाठ
आधी जागा मोकळी करा, आयपीएल न करता. वर्क आउट क्यू उघडा, वर्षानुवर्षांच्या स्पूल फाइली (छपाईसाठी साचलेले अहवाल) आणि जॉब लॉग तिथेच साचतात. जर्नल (डेटातल्या बदलांची नोंदवही) चालू असेल तर त्याचे सेव्ह झालेले जुने रिसीव्हर (त्या नोंदींचे साठे) काढा, न सेव्ह झालेल्यांना हात लावू नका. मग "रिट्रीव्ह डिस्क इन्फर्मेशन" रात्री लावून सकाळी "प्रिंट डिस्क इन्फर्मेशन"चा अहवाल वाचा, मोठ्या लायब्ररी वर येतील. डिलीट केलेल्या नोंदी फाइलमध्ये जागा धरून बसतात, त्या रीऑर्गनाइझने सुटतात, पण ते करताना फाइल पूर्ण लॉक होते, म्हणून रविवारीच.

त्याच रविवारी पर्याय २१, दोन टेपांवर दोनदा.

भुसावळ_पॉवर
आणि २१ ची टेप हातात आल्याशिवाय बॅटरीला हात लावू नका, मशीनही बंद करू नका. वर्षानुवर्षे फिरत असलेल्या डिस्क थांबल्या की परत फिरतीलच असं नाही, बंद-चालू करतानाच त्या जास्त मरतात. ८००९ म्हणजे अजून वेळ आहे, पण बॅटरी आजच मागवा. जुन्या कार्डाचा भाग क्रमांक कार्डावरून वाचून द्या, मॉडेल नंबरवरून मागवाल तर चुकीची येते. आणि शेल्फवर पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते, तेव्हा उत्पादनाची तारीख विचारूनच घ्या.