उर्वेर्क का जूर्न? माझं मत तिसरीकडंच
भावा, उर्वेर्क आणि जूर्न ह्या दोन स्विस घड्याळ कंपन्यांतली कुठली भारी असं विचारलायस, आणि उर्वेर्कमध्ये काटेच नाहीत म्हणून ती सगळ्यात वेगळी असं म्हटलायस, पण तिच्यातली काट्याऐवजी तासाचा आकडाच मिनिटांच्या पट्टीवरनं सरकत जायची आयडिया १७व्या शतकातली हाय, पोपसाठी केलेल्या रात्रीच्या घड्याळात होती की. उर्वेर्क दिसायला जबराट, मान्य. त्यापेक्षा जूर्नची रेझोनन्स बघ, दोन बॅलन्स व्हील (मागंपुढं हलून घड्याळाचा ताल धरणारी चाकं) शेजारी शेजारी, एकमेकांना न शिवता नुसत्या कंपनावर एका तालात येतात, हे ह्युगेन्स ह्या डच शास्त्रज्ञानं लंबकांत १६६५ला बघितलेलं आणि जूर्ननं ते मनगटावर आणलं, नाद खुळा!

तरी पैशे असते तर (नाहीत 😅) मी २०००ला आलेली फिलिप ड्यूफूर ह्या स्विस घड्याळजीची सिंप्लिसिटी घेतली असती. तीन काटे, बास. पण मागनं उघडून बघितलं की आतल्या यंत्राच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा हातानं घासून आरशासारख्या केलेल्या, आतले टोकदार कोपरे तर मशीनला जमतच नाहीत. आमच्या हुपरीत चांदीवर डोळे फोडत बसलेला कारागीर बघितलाय त्याला ह्यातली मेहनत सांगायला लागत नाही. फक्त तिकडं स्वित्झर्लंडात मजुरी नीट मिळते.