मदत हवी आहे: जुना लॅपटॉप सारखा बंद पडतोय, मदरबोर्डच गेलाय का?

प्रश्न:
लॅपटॉप २०१८चा. प्रोसेसर आय५ ८२५०यू, ८ जीबी रॅम (४ बोर्डावरच सोल्डर केलेली, ४ स्लॉटमध्ये), १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. व्हिडिओ कॉल चालू असला की वीसेक मिनिटांत फटकन बंद होतो. लगेच चालू केला तर पुन्हा पडतो, अर्धा तास ठेवला तर नीट चालतो. मधूनच निळी स्क्रीनही येते, पण तिला काही वेळकाळ नाही. विंडोज नव्याने टाकून झालं, फरक शून्य. दुरुस्तीवाला मदरबोर्ड बदला म्हणतोय. करावा का तेवढा खर्च?

उत्तर १:
एवढ्यात नको. इथे बहुधा दोन वेगळे बिघाड आहेत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदी दाखवणारं टूल) विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम, तिथे कर्नल-पॉवर ४१ शोधा. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नव्हतं. कामाचा आहे तो 'डिटेल्स'मधला बगचेककोड. तो ० असेल तर वीजच तुटली: उष्णता, बॅटरी नाहीतर चार्जर. दुसरा आकडा असेल तर तो निळ्या स्क्रीनचा कोड. शिवाय एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याचा लॉग लावून कॉल करा. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस.

उत्तर २:
त्याआधी बॅटरी बघा. टचपॅड वर आला असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल तर ती फुगलीये. चार्जर काढा, दाबू-टोचू नका, बाकी सगळं नंतर.

प्रश्नकर्ता:
बॅटरी सपाट आहे. कोड बहुतेक नोंदींत ०, काहींत २६. कॉलवर तापमान ९९-१००. पंखा घोंघावतो, पण हवा नावाला बाहेर येते.

उत्तर १:
मग पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) जाळीमध्ये धूळ बसलीये, नमद्यासारखी घट्ट. बाहेरून ब्लोअर मारून ती निघत नाही, खोलावंच लागेल. खालचं झाकण निघालं की आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. पंखा काढून धूळ चिमट्याने ओढा. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरा, मोकळा गरगरला तर बेअरिंग जातं. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे असतात: काढताना उलट क्रम, बसवताना सुलट, आणि एकेक पूर्ण न पिळता थोडे थोडे. चिप आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवीचा पातळ थर चिपचा चकचकीत भाग पुरता झाकेल इतकाच. शेजारच्या रबरी थर्मल पॅडच्या जागी पेस्ट लावू नका, ती फट पेस्टने भरत नाही. पॅड फाटला तर त्याच जाडीचा आणा.

कोड २६ म्हणजे 'मेमरी मॅनेजमेंट', म्हणून संशय रॅमवर. स्लॉटमधली रॅम काढून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चार पास (पूर्ण फेऱ्या) चालवा. बोर्डावरच्या रॅमवरच एरर आल्या तर दुरुस्तीवाल्याचं बरोबर. नाही आल्या तर काढलेल्या रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसून ती बसवा आणि पुन्हा चालवा. आता एक जरी एरर आली तरी ती रॅम किंवा स्लॉट खराब. घ्यायची तर डीडीआर४ २४०० सोडिम (लॅपटॉपची छोटी रॅम).

उत्तर २:
हार्ड डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फोही चालवा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे, संशयित भाग) शून्याच्या वर असेल तर आजच बॅकअप घ्या. मदरबोर्डचे पैसे वाचले तर २.५ इंची साटा एसएसडी टाका. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हा प्रोसेसर विंडोज ११ला चालतो.