शब्दचर्चा: स्वतःला ‘आवरणे’ की ‘सावरणे’?

प्रश्न: तोतरं बोलणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक लिहितेय. राग, लाज, उतावीळपणा मुलाने आपला आपण हाताळणं, याला ‘भावनिक स्वनियमन’ लिहिलं. एक आई म्हणाली, हे वाहतूक पोलिसांचं वाटतं. ‘स्वतःला आवरणे’ चालेल?

– ‘आवरणे’ नको. राग आवरतो, रडू आवरतो, हात आवरता घेतो. सगळीकडे थोपवणं आहे. ही मुलं ते आधीच फार करतात. अडकणारा शब्द टाळून दुसराच वापरतात, वर्गात उत्तर येत असून ‘माहीत नाही’ म्हणतात. ‘सावरणे’ घ्या. तोल गेला तरी चालेल, हे त्यात धरलेलंच आहे. ‘रडून घेतलं, मग सावरली’ असं आपण सहज म्हणतो.

– वाचा-उपचाराच्या कामातून सांगते, ‘सावरणे’ला माझं मत. लहान मूल एकट्याने सावरत नाही, आधी मोठ्यांच्या आधाराने शिकतं. पण तिथे ‘सावरून घेणे’ लिहू नका. त्यात झाकपाक येते, आणि घाईने मुलाचं वाक्य पुरं करणारे पालक तेच करत असतात. ‘सावरायला वेळ देणे’ लिहा: शब्द अडकला तर थांबायचं, आपलं बोलणं संथ करायचं, नंतर ‘शब्द अडकला म्हणून चिडलास ना?’ असं विचारायचं. ‘नीट बोल, श्वास घे’ हे मायेने म्हटलं तरी मुलाला चूक दाखवल्यासारखंच ऐकू येतं.

एक वाक्य मात्र ठळक छापा: भीतीमुळे किंवा घरच्या वागण्यामुळे तोतरेपणा जडत नाही. तो बहुधा 2 ते 5 वर्षांत सुरू होतो, आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो आणि बऱ्याच मुलांचा पुढे जातोही. भावनांनी तो कमीजास्त होतो, आणि फक्त रागानेच नाही. मामा आला की आनंदाने उड्या मारत सांगतानाही शब्द जास्त अडकतात. म्हणून ‘शांत हो’ हा सल्ला मला पटत नाही; आनंदसुद्धा गिळायचा की काय!

– मसुद्यात ‘बोबडे’ आणि ‘तोतरे’ एकत्र झालेत का, तेही बघा. ‘घर’ला ‘घल’ म्हणणं बोबडं, ‘घ-घ-घर’ तोतरं.

प्रश्नकर्ती: झालेत, वेगळे करते. ‘तोतरा मुलगा’ काढून ‘अडखळत बोलणारा’ लिहू का?

– मजकुरात जरूर लिहा. शीर्षकात ‘तोतरेपणा’ राहू द्या, पालक त्याच शब्दाने शोधतात.