प्रतिसाद: माउंटन मिंट पुदिन्यासारखं सगळीकडे पसरेल का?

ताई, तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत बॅकयार्डच्या मेडोमध्ये (रानफुलं-गवताच्या पट्ट्यात) माउंटन मिंट लावलं तर पुदिन्यासारखं सगळं व्यापून टाकेल का. पसरतं, पण आपल्या पुदिन्याइतकं नाही, मुळं वरवर असतात त्यामुळे स्प्रिंगमध्ये कडेकडेने फावड्याने कापून काढली की आटोक्यात राहतं आणि काढलेले तुकडे दुसरीकडे लावता येतात.

हे तिथलंच, ईस्टर्न नॉर्थ अमेरिकेचं बारमाही झाड आहे, युरोपातून आलेलं स्पिअरमिंट नव्हे, त्यामुळे नर्सरीत नुसतं मिंट मागू नका, पिक्नॅन्थेमम (माउंटन मिंटचं शास्त्रीय नाव) असं लेबल बघूनच घ्या. मेडोसाठी मला त्यातलं बारीक पानांचं टेन्युइफोलियम जास्त योग्य वाटतं, रुंद पानांचं म्युटिकम जरा जास्त हातपाय पसरतं. रोपांवर निओनिकोटिनॉइड हे कीटकनाशक मारलेलं नाही ना हे मात्र नक्की विचारा, नाहीतर ज्या मधमाश्यांसाठी एवढा खटाटोप त्यांनाच विष!

बी लावणार असाल तर ते अगदी बारीक असतं, त्याला उजेड लागतो, म्हणून मातीवर नुसतं दाबायचं, वर माती घालायची नाही. पहिल्या वर्षी फारसं काही दिसणार नाही, धीर धरा.

एका गुच्छातली फुलं थोडी थोडी करून उमलतात म्हणून जुलैपासून कितीतरी आठवडे बहर चालतो आणि मधमाश्या, फुलपाखरं, छोट्या गांधीलमाश्या सगळ्या येतात. तुळशीच्या मंजिऱ्यांवर माश्या घोंगावतात ना, तेच कुळ हे. हरणंही सहसा तोंड लावत नाहीत, तुमच्याकडे हा मोठाच फायदा.

आणि प्लीज, फॉलमध्ये सगळं छाटून टाकू नका, सुकलेल्या काड्या हिवाळाभर उभ्या राहू द्या.